शेपटा ठेवायचा की कापायचा: पन्नाशीतलं एक वर्ष

पन्नाशीच्या तोंडावर कमरेपर्यंतचे केस ठेवायचे की कापायचे, हे ठरवण्यात माझा गेल्या जुलैपासून या मार्चपर्यंतचा काळ गेला. एवढ्याशा गोष्टीला एवढा वेळ कशाला, असं कुणालाही वाटेल. मलाही वाटायचं. पण त्यात डॉक्टर, रक्ताच्या तपासण्या, एक धरलेला खांदा, एक नाकारलेला अर्ज आणि सलूनच्या चकरा असं सगळं येत गेलं. ज्या बायका सध्या आरशासमोर उभ्या राहून हाच विचार करत असतील, त्यांच्यासाठी जमेल तसं क्रमाने लिहिते आहे.

सल्ल्यांचं आधी सांगून टाकते, म्हणजे पुढे त्यांचा अडथळा होणार नाही. "या वयात एवढे लांब केस शोभत नाहीत, कापून टाक" आणि "वेडी आहेस का, या वयात एवढे केस राहतात कुणाचे, हात लावू नकोस" ही दोन्ही वाक्यं मी एकाच आठवड्यात ऐकली. त्यातल्या एका बाईने तर दोन्ही स्वतःच म्हटली, मधे चारेक दिवस गेले असतील. तेव्हापासून 'शोभणं' हा मुद्दा मी यादीतून काढून टाकला.

सुरुवात गळतीपासून झाली. एप्रिलच्या शेवटी मला चांगला सणसणून ताप आला होता, आठवडाभर अंथरुणातच होते. जुलै उजाडला आणि न्हाताना हातात केसांचे झुपके यायला लागले. मोरीच्या जाळीवर, उशीवर, कणीक मळताना बोटांभोवती, सगळीकडे केस. माझा पहिला विचार 'कापून टाकावेत, म्हणजे गळायचे थांबतील' हाच होता, आणि आजूबाजूच्या बहुतेकींचं मतही तेच. पण त्याआधी एकदा त्वचारोगतज्ज्ञांना दाखवावं असं ठरवलं. तीन आठवड्यांनंतरची वेळ मिळाली. वेळ घेतानाच विचारून ठेवा: केस धुऊन यायचं की न धुता? माझ्या डॉक्टरांना न धुतलेले, तेल न लावलेले केस हवे होते.

त्या तीन आठवड्यांत मी एका वहीत नोंद केली: ताप कधी आला, कोणती औषधं घेतली, वजन किती घटलं, पाळी कधी आली, किती दिवस राहिली, आई आणि मावशीचे केस कसे होते. डॉक्टरांनी पुढे नेमकं हेच विचारलं. शेवटच्या तीन-चार महिन्यांत काय घडलं ते त्यांना सर्वांत महत्त्वाचं वाटलं. ताप, ऑपरेशन, मोठा मानसिक धक्का, झपाट्याने उतरलेलं वजन, यांपैकी काहीही झालं की बरेच केस एकदम विश्रांतीच्या अवस्थेत जातात आणि दोन-तीन महिन्यांनी गळतात. म्हणजे आज गळणारा केस आजच्या शाम्पूमुळे गळत नसतो. हे ऐकून मी घरातल्या त्या बिचाऱ्या नव्या शाम्पूला मनातल्या मनात माफ केलं.

तपासणी दहा मिनिटांत उरकली. त्यांनी चिमटीत पन्नास-साठ केस धरून मुळापासून टोकापर्यंत हलकेच ओढले आणि किती सुटून येतात ते पाहिलं. असं डोक्यावर वेगवेगळ्या जागी केलं. मग भिंगासारखं एक दिव्याचं यंत्र भांगावर ठेवून स्क्रीनवर दाखवलं. शेजारी शेजारी उगवलेले केस एकसारख्या जाडीचे नव्हते. एक जाड, एक बारीक, एक तर लव म्हणावी इतका नाजूक. त्या म्हणाल्या, "तुमच्यात दोन गोष्टी एकत्र चालल्या आहेत. तापामुळे आलेली गळती आपली आपण सहा-एक महिन्यांत आटोक्यात येईल. पण भांग रुंद होतोय तो त्याच्या आधीपासून. तो वयाचा आणि हार्मोन्सचा भाग आहे."

मग मी विचारलं, कापले तर फायदा होईल का? उत्तर साफ होतं. केस कापल्याने गळती थांबत नाही आणि केस जाडही होत नाहीत, कारण जे घडतं ते मुळाशी, आणि कात्री मुळापर्यंत पोचतच नाही. रोज ५० ते १०० केस गळणं सर्वसाधारण आहे. पण हातभर लांबीचे शंभर केस गोळा झाले की त्यांचा गोळा भलताच मोठा दिसतो, आणि बोटभर लांबीचे शंभर केस जाळीवर दिसतही नाहीत. आठवड्यातून दोनदाच न्हाणारीला मधल्या दिवसांचे केसही त्याच दिवशी मिळतात. त्यामुळे गोळा बघून धसका घेण्यापेक्षा दर महिन्याला त्याच जागी, त्याच उजेडात भांगाचा फोटो काढा, असं त्यांनी सांगितलं. हा सल्ला मला सर्वांत उपयोगी पडला.

लांब केसांना एकच गोष्ट खरोखर बाधते असं त्या म्हणाल्या: ताणून बांधणं. रोज घट्ट बुचडा किंवा उंच पोनीटेल घातली की कपाळाच्या आणि कानशिलांच्या कडेने केस मागे हटतात, आणि हे वर्षानुवर्षं चाललं तर ते परत येत नाहीत. सैल वेणी चालेल.

तपासण्यांमध्ये हिमोग्लोबिन, फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा किती आहे ते यावरून कळतं), थायरॉईड, बी-१२ आणि ड जीवनसत्त्व होतं. हा खर्च डॉक्टरांच्या फीपेक्षा बराच जास्त झाला, तेव्हा त्याची तयारी ठेवा. चार महिन्यांपूर्वीचे रिपोर्ट घरात असतील तर ते आधी दाखवा, काही तपासण्या वाचू शकतात. आणखी एक, जे मला कुणीच सांगितलं नव्हतं: केसांसाठी बायोटिनच्या (हे एक ब जीवनसत्त्व) गोळ्या घेत असाल तर रक्त देण्याआधी ते डॉक्टरांच्या आणि लॅबच्या कानावर घाला. बायोटिनमुळे काही तपासण्यांचे, विशेषतः थायरॉईडचे, आकडे चुकीचे येऊ शकतात. अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या औषध नियंत्रण संस्थेने, २०१७ मध्ये याबद्दल इशारा दिलेला आहे. मला दोन-तीन दिवस आधी गोळी थांबवायला सांगितलं होतं.

थायरॉईड ठीक निघालं. फेरिटिन १४. लॅबच्या कागदावर तो आकडा 'नॉर्मल'च्या चौकटीत होता, त्यामुळे मी खूश. डॉक्टर नव्हत्या. केसांच्या दृष्टीने त्यांना तो चाळीसच्या वर हवा होता. पाळी जाण्याआधीच्या या वर्षांत रक्तस्राव कधी कधी फार होतो आणि शरीरातला लोहाचा साठा हळूहळू संपतो. हिमोग्लोबिन मात्र बरेच दिवस बरं दिसत राहतं. लोहाची गोळी एक दिवसाआड सुरू झाली, चहा-कॉफीपासून दूर ठेवून घ्यायची. तपासल्याशिवाय लोह घेऊ नका, जास्त झालेलंही चांगलं नसतं.

भांगासाठी मिनॉक्सिडिल, हे केस उगवण्यासाठी वरून लावायचं औषध. लांब केस असणारीला हे लावणं म्हणजे कसरत आहे. ते केसांना लावायचं नसतं, डोक्याच्या कातडीला लावायचं असतं. म्हणून भांग पाडायचा, लावायचं, बाजूला अर्ध्या बोटावर दुसरा भांग पाडायचा, लावायचं. हात धुवायचे. झोपायच्या निदान दोन तास आधी, नाहीतर उशीला लागून चेहऱ्यावर येतं आणि तिथे लव वाढते. घरात मांजर असेल तर फार जपा, मांजराला ते विषारी आहे. पहिल्या काही आठवड्यांत गळती उलट वाढते, आणि फरक दिसायला चार ते सहा महिने लागतात. सोडलं की मिळालेलं जातं, म्हणजे हा दर महिन्याचा, न संपणारा खर्च. हे सगळं आधी सांगितलेलं असूनही ऑक्टोबरमध्ये गळती वाढली तेव्हा माझे दोन-तीन दिवस वाईट गेले. फणीकडे बघवेना.

म्हणजे दिवाणखान्यात बसून चर्चा करायचा 'केस' हा विषय डॉक्टरांकडे संपला होता: कापा किंवा ठेवा, मुळांना फरक पडत नाही. आता प्रश्न उरला लांबीचा. आणि तो नोव्हेंबरमध्ये माझ्या उजव्या खांद्याने ऐरणीवर आणला.

फ्रोझन शोल्डर, म्हणजे खांदा आखडून हात पुरता वर न जाणं, हा चाळीस ते साठच्या बायकांना बराच गाठणारा त्रास आहे आणि तो बरा व्हायला एक ते तीन वर्षं घेऊ शकतो. केसांच्या सल्ल्यांमध्ये याचं नाव कुणी काढत नाही याचं मला अजून नवल वाटतं. वेणी घालायला काय काय लागतं हे खांदा धरल्याशिवाय कळत नाही. दोन्ही कोपरं कानांच्या वर, मनगटं मागे वळलेली, तीन पेड बोटांत धरून मानेपासून खाली येत जायचं, आणि निम्म्यावर आल्यावर वेणी पुढे ओढायची. माझा उजवा हात कानापर्यंत जायचा आणि तिथे थांबायचा. पुढचा अर्धा वीत म्हणजे डोळ्यांपुढे काजवे.

मग लेक सकाळी वेणी घालून द्यायला लागली. लहानपणी मी तिला जे म्हणायचे ते सगळं तिने व्याजासकट परत केलं. "आई, मान सरळ ठेव. हलू नकोस गं." ती घाईत असायची, त्यामुळे पेड करकचून आवळायची. "सैल घाल, डॉक्टरांनी सांगितलंय." "सैल घातली तर दुपारपर्यंत सुटते, मग तू मला फोन करतेस." दोघींचंही खरं होतं. एक दिवस ती लवकर निघून गेली आणि मी ऑफिसला केसांचा कसाबसा पिळा करून, त्यावर क्लचर अडकवून गेले. क्लचर मीटिंगमध्ये सुटला. लाज वगैरे वाटली नाही, पण रोज सकाळी आपल्या केसांसाठी दुसऱ्याच्या वेळापत्रकात बसायचं, हे मला नको होतं.

जानेवारीत मी मोजमाप घेतलं. हे प्रत्येकीने करावं असं मी आग्रहाने सांगेन, कारण यात मतांना जागा नाही. कोरडे केस मानेपाशी एका रबरात सैल बांधा. शिवणाची टेप त्या जुडीभोवती गुंडाळून परीघ मोजा. मग तसाच खांद्याच्या पात्यांच्या खालच्या टोकाशी मोजा, मग कमरेशी. माझे आकडे होते ८ सेंटिमीटर, ६ आणि ३. वरवर पाहता कमरेशी निम्म्याहून थोडे कमी केस उरले होते असं वाटेल. पण परीघ निम्मा झाला तर जुडीतले केस निम्मे नाही, पावच उरतात. त्या हिशेबाने माझ्या कमरेपर्यंत पोचणारे केस एकूण केसांच्या सातव्या हिश्शाएवढे होते. पात्यांपाशी मात्र निम्म्याहून जास्त.

याचं कारणही समजून घेतलं. केस महिन्याला साधारण १ ते सव्वा सेंटिमीटर वाढतो, वर्षाला १५ धरा. कमरेपर्यंत पोचायला त्याला पाचेक वर्षं डोक्यावर टिकावं लागतं. एका केसाच्या वाढीचा काळ साधारण दोन ते सहा वर्षांचा असतो आणि वय वाढतं तसा तो आखडत जातो. म्हणजे माझे बरेचसे केस आता कमरेपर्यंतचा प्रवास पुरा करतच नव्हते, वाटेतच गळत होते. टोकाला जी झिरझिरीत शेपटी लोंबत होती तिला मी वर्षानुवर्षं जपत होते, तेल लावत होते, गाठी सोडवत होते. आणि माझ्या न्हाण्या-वाळवण्याच्या वेळातला मोठा वाटा तीच खात होती. वयाचा आकडा काय आहे यापेक्षा घनता कुठे संपते आणि हात कुठवर पोचतो, या दोन जागा शोधायच्या. माझ्या बाबतीत त्या जवळजवळ एकाच ठिकाणी निघाल्या.

सलूनमध्ये आधी फक्त बोलायला गेले. केस न कापता बोलण्याचे पैसे सहसा घेत नाहीत, फोनवर विचारून घ्या. तिथल्या मुलीने लगेच बॉब सुचवला, मानेपर्यंतचा, वर लेअर्स. "मॅम, एकदम फ्रेश दिसाल." तिचं चूक नव्हतं; छोटे केस हलके असतात, मुळापाशी उठून दिसतात. पण मी विचारलं, रोज सकाळी काय करावं लागेल? तर गोल ब्रशने ब्लो-ड्राय. म्हणजे एका हातात ब्रश डोक्याच्या वर, दुसऱ्यात ड्रायर. माझ्या खांद्याला वेणीपेक्षा ते जड. शिवाय बॉबचा आकार टिकवायला दर सहा ते आठ आठवड्यांनी कापायला जायचं आणि बांधायची सोय नाही. छोटे केस म्हणजे कमी काम हे सगळ्यांच्या बाबतीत खरं नाही.

तरीही मनात शंका राहू नये म्हणून घरी केस आत दुमडून, आकडे लावून खोटा बॉब केला आणि एक रविवार तसाच काढला. मान मोकळी वाटली, चेहरा बरा दिसला, आणि तोंडावर येणाऱ्या बटांनी संध्याकाळपर्यंत जीव खाल्ला. बॉब बाद.

रंगाचा हिशेबही याच सुमारास लागला. केस रंगवणं मला बंद करायचं होतं. दर वेळी ४८ तास आधी पॅच टेस्ट करा, मग बसा, याचा कंटाळा आला होता. (पॅच टेस्ट करतच जा, वर्षानुवर्षं चाललेल्या रंगाचीही अॅलर्जी अचानक उद्भवते.) कमरेपर्यंतचे केस नुसते वाढवून पांढरे करायचे तर पाच वर्षं दुरंगी फिरायचं. लांबी कमी केली की तो काळही कमी होतो.

कापणारच आहोत तर केस विगसाठी दान करावेत असं वाटलं. कॅन्सरच्या उपचारांत केस गेलेल्यांसाठी विग करणाऱ्या एका संस्थेचा ऑनलाइन अर्ज भरला. निदान १२ इंच लांबी, ब्लीच केलेले नकोत, रंगवलेले असतील तर तसं कळवा, पूर्ण कोरडे, दोन्हीकडे रबर लावलेली जुडी, जमिनीवरून गोळा केलेले चालणार नाहीत. शेजारी पट्टी धरून फोटो जोडायचा होता. प्रत्येक संस्थेचे नियम निराळे असतात, तेव्हा कापायच्या आधी वाचा, नंतर नाही. आणि ओले केस पिशवीत घालू नका, बुरशी येते.

उत्तर यायला तीन-एक आठवडे लागले. पत्र सौजन्याचं होतं: तुम्ही सांगितलेल्या जागी कापलं तर जुडीतले बहुतेक केस मापापेक्षा आखूड भरतात, खांद्याच्या वर कापायची तयारी असेल तर घेऊ. मी दोन दिवस विचार केला. खांद्याच्या वर म्हणजे पुन्हा तेच, न बांधता येणारे केस. नाही म्हणून कळवलं. वाईट वाटलं, आणि ज्या बायका वर कापू शकतात त्यांनी ते जरूर करावं असं मनापासून वाटतं.

मार्चच्या पहिल्या आठवड्यात, कामाच्या दिवशी सकाळी, सलून रिकामं असताना गेले. आधी ठरवलेल्या गोष्टी कागदावर होत्या. केस कोरडेच कापा, कारण ओले केस लांब दिसतात आणि वाळल्यावर वर चढतात. इंचांत सांगू नका, बोटाने पाठीवर जागा दाखवा आणि तिलाही दाखवायला सांगा. टोक सरळ रेषेत हवं. विरळ केसांना लेअर्स दिले की खालचा भाग आणखी विरळ होतो. पहिल्यांदा दोन बोटं जास्तच ठेवून कापा, मग उठून वेणी घालून बघा, मग अंतिम लांबी. शेवटची गोष्ट त्या मुलीला विचित्र वाटली, पण मी खुर्चीतून उठले, केस उजव्या खांद्यावरून पुढे घेतले आणि कोपर खाली ठेवून वेणी घातली. शेवटपर्यंत जमली. रबर स्वतः लावलं. मग तिला म्हटलं, आता उरलेली दोन बोटं काढ.

रडू वगैरे आलं नाही. कापलेली जुडी हातात घेतली तेव्हा ती इतकी हलकी लागली की गंमत वाटली. एवढ्यासाठी वर्ष घातलं!

ऑफिसात दोन दिवस कुणाच्या लक्षातही आलं नाही, कारण मी अंबाडाच घातला होता. त्या दोन्हीकडून बोलणाऱ्या बाईंना मात्र लगेच कळलं. "बरं केलंस," त्या म्हणाल्या, "पण थोडे आणखी ठेवायचे होतेस."

आता न्हाणं-वाळवणं निम्म्या वेळात होतं. अंबाडा नुसत्या पिळाने बसत नाही, दोन आकडे लागतात, हा एक तोटा. जुना मोठा क्लचर निसटतो, त्यामुळे छोटा घ्यावा लागला. मोरीच्या जाळीवरचा गोळा लहान दिसतो, पण त्यावर विश्वास ठेवू नका. केस आखूड झाल्यामुळे तो लहान आहे, गळती कमी झाली की नाही ते भांगाच्या फोटोवरूनच ठरवा. माझ्या फोटोत फेब्रुवारीपासून भांगाच्या कडेने बोटभर नवे केस उभे दिसतात. ते वेणीत बसत नाहीत आणि दिवसभर वर डोकावतात. भांगाची रुंदी अजून तेवढीच आहे.

फेरिटिन दुसऱ्या तपासणीत २९ आलं. गोळी चालू आहे, मिनॉक्सिडिलही. पुढचं रक्त जूनमध्ये द्यायचं आहे, आणि टोकं सरळ करायलाही तेव्हाच जाईन.